आसारामची हलगी

नेकनूरच्या आसारामला हलगी कुणी शिकवली नाही. बाप वाजवायचा, ते बघूनच त्याचा हात बसला. लग्न असो की जत्रा, पार चकलांब्याहून माणसं त्याला बोलवायला यायची. वाजवणं झालं की दारू ठरलेली. पुढे दारू आधी आणि हलगी मागून, असं झालं.

बायको बायडाबाई आधीपासून चर्चला जायची. एकदा काविळीनं आसाराम अंथरुणाला खिळला, तेव्हा चर्चच्या मंडळीतली माणसं पाळीपाळीनं डबा घेऊन आली. बरा झाल्यावर तोही जायला लागला. बाप्तिस्मा घेतला, दारू सोडली आणि त्याबरोबर हलगीही. हलगी सोड, असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यालाच तिची भीती वाटायची. मग वीटभट्टीवर राबायचा, रविवारी मागच्या चटईवर बसून टाळ्या वाजवायचा.

चर्चच्या नव्या पाळकांची बायको सुकन्या गाणी बसवायची. सगळी मंडळी आसारामच्या टाळीवर गाते, हे तिच्या ध्यानात आलं. ती घरीच आली.

"आसारामभाऊ, हलगी काहून सोडली?"

"ती हातात घेतली की दारू आठवती, ताई."

"दारू माणसांनी पाजली. हात तर देवानं दिलेत ना?"

बायडाबाई म्हणाली, "नाताळच्या गाण्यांच्या फेरीत वाजवू द्या. मी त्यांच्या शेजारी चालते."

जुनी हलगी उंदरांनी कुरतडली होती. लिंबागणेशहून नवी मढवून आणली. फेरीच्या दिवशी कातडं ताणून आवाज चढावा म्हणून त्यानं ती जाळावर शेकली. पहिल्या गाण्याला हात अडखळला, नंतर सुटला. स्टँडजवळ पंक्चरवाला ख्वाजा दुकानाबाहेर आला आणि ओरडला, "आसाराम, लई दिवसांनी बे!"

मग रविवारी चर्चमध्येही तो वाजवू लागला. मंडळीतल्या एका घराला हे आवडलं नाही. चर्चमध्ये हलगी नको, म्हणून त्यांनी येणं बंद केलं. आसाराम त्यांच्या घरी जाऊन बसला, पण त्यांचं मन वळलं नाही. याचं त्याला वाईट वाटलं. हलगी मात्र त्यानं पुन्हा ठेवून दिली नाही.

आता शनिवारी संध्याकाळी चर्चच्या अंगणात तो येईल त्याला शिकवतो. शेतकरी धर्मराजची मुलगी मनिषा शाळेच्या गॅदरिंगसाठी आली, ती येतच राहिली. धर्मराज आधी कुरकुरला. पोरीनं हलगी वाजवायची, हे त्याला पटेना. आता तोच तिला गाडीवरून सोडतो.

"माझ्यापेक्षा तिचा हात जलद हाय," आसाराम त्याला सांगतो.