वहिनी, उजेड कसा हाय?

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझ्या खिडकीतल्या लोखंडी खोक्याबद्दल विचारलंत. शेजारचे भाऊजी गेल्यावर, गेल्या महिन्यात घर रिकामं करताना त्यांच्या लेकीने ते मला दिलं, म्हणून आताच सांगून टाकते.

शेजारच्या भाऊजींइतका विजेची सरबराई करणारा माणूस साऱ्या सेनगावात नव्हता. आमची घरं लाइनच्या शेवटच्या खांबावर. रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमचे बल्ब पिकल्या लिंबासारखे पिवळे पडत. भाऊजींच्या खोक्यात ट्रान्सफॉर्मर होता आणि त्याच्या गुंडाळीला पाच टॅप. बटण एकेक टॅप पुढे सरकवलं की पडलेलं व्होल्टेज तेवढं वर चढे. मोटारी थांबल्या की लगेच खाली आणावं लागे, नाहीतर बल्ब उडत. त्यामुळे जेवतानाही त्यांचा डावा हात बटणावर. आमच्याकडे चहाला आले की बशीसकट घरी धावत. माझ्या कितीतरी बशा तिकडेच राहिल्या. माणसंही ते त्याच मापाने मोजत. तुमचे आजोबा गेल्यावर मी गप्प झाले, तेव्हा म्हणाले, "वहिनी, लय उतरून राहिलात. एक टॅप वाढवा."

खोक्यावरचा व्होल्टेज दाखवणारा काटा कधीच बंद पडला होता. भाऊजी ओसरीत बटणाशी बसून स्वयंपाकघरातल्या बायकोला विचारत आणि ती आतून "बराबर" म्हणे. ओसरीतही बल्ब होता, पण त्याच्याकडे पाहून ठरवणं त्यांना पटत नसे. मग ती गेली. बरेच दिवस त्यांच्या घरी पिवळाच उजेड होता. त्यांचं स्वयंपाकघर माझ्या खिडकीतून दिसतं. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "वहिनी, उजेड कसा हाय?"

"अजून एक."

"आता?"

"बराबर."

मग ते रोजचंच झालं. त्या वेळेला मी कुठे जाईनाशी झाले.

पुढे लेकीने पुण्याहून आपोआप चालणारा स्टॅबिलायझर पाठवला. बल्ब लख्ख, स्थिर. हाक बंद. मी तरी खिडकीत बसे. एका संध्याकाळी बल्ब पुन्हा पिवळा दिसला आणि हाक आली. नवं यंत्र बिघडलं का, असं मी विचारलं.

"चांगलं हाय," भाऊजी म्हणाले. "पण ते काई इचारतच न्हाई."

मी म्हटलं, "अजून एक."

आता कोपऱ्यावरच नवा ट्रान्सफॉर्मर आलाय, व्होल्टेज पडत नाही. पलीकडचं स्वयंपाकघर अंधारात असतं. खोक्याचं बटण अजून फिरतं.