चाक थांबेपर्यंत

दिवाळीच्या आगेमागे आमच्या राळेगावकडच्या शेतात सोयाबीन काढायला एक थ्रेशरवाला येतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मळणीयंत्रात काड अडकलं की तो ट्रॅक्टरवर चढून यंत्र बंद करतो, खाली उतरतो आणि दोन्ही हात आडवे पसरून मजूर बायांसमोर उभा राहतो. बंद केल्यावरही यंत्राचं जड चाक बराच वेळ गरगरत असतं. शाळेत याला जडत्व म्हणायचे, एवढं मला आठवतं. चाक पूर्ण थांबलं की तो फक्त "आता" म्हणतो आणि बाजूला होतो.

यंदा आभाळ भरून आलं होतं आणि सोयाबीनची गंजी उघडी होती. पुन्हा काड अडकलं, तेव्हा मी वैतागून म्हणालो, "बंद झालं ना भाऊ. काढू दे ना बायाइले."

त्याने चाकावरची नजर हलवली नाही.

"माह्या बायकोनं हेच इचारलं होतं," तो म्हणाला. "बंद झालं का म्हने. म्या हो म्हनलं. तिनं हात घातला."

मग म्हणाला, "यवतमाळले नेता नेता गेली."

चाक मंदावलं, थांबलं. तो मात्र हात पसरून तसाच उभा राहिला. गंजीवर थेंब पडायला लागले. बाया जागच्या हलल्या नाहीत, आणि मीही त्याला बाजूला हो म्हणालो नाही.