कहकशांनं न दिलेला फोटो

लातूरच्या क्लासगल्लीत कहकशांचं दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, एक कॉम्प्युटर, एक फ्लॅटबेड स्कॅनर आणि मालकिणीचं फटकळ तोंड. स्कॅनरच्या काचेला कुणी बोट लावलं की ती हात झटकायची. "काच हाय ती, पोळपाट न्हाई!" तरी पोरंपोरी तिच्याकडंच येत. फोटोवरचे डाग, सुरकुत्या ती माऊसनं एकेक करून पुसायची, चेहरा मात्र होता तसाच ठेवायची. "जरा गोरं करा," म्हणणाऱ्याला सरळ दार दाखवायची.

तिचे अब्बा पाशामियाँ फोटोग्राफर. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किल्लारीकडची माणसं त्यांच्याकडं लग्नातले ग्रुप फोटो घेऊन येत. "ह्यातला एवढा एक चेहरा मोठा करून द्या," म्हणत. गेलेल्या माणसाचा दुसरा फोटोच नसायचा. कहकशां तेव्हा बी.कॉम. करत होती, फोटोवरून फोटो घेताना अब्बांना दिवा धरायची. एका पेपरवाल्यानं त्यातल्याच एका पोरीचा फोटो मागितला आणि अब्बांनी भलेपणानं दिला. चार दिवसांनी पोरीची आई तो पेपर घेऊन दुकानात आली. ओरडली नाही. "मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हणले असते," एवढंच बोलली. अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत. कहकशांनं मनाशी गाठ मारली : ज्याचा चेहरा, त्याला विचारल्याशिवाय तो कुणाला द्यायचा नाही.

गाठ मारायला काय जातंय? ती काचायला लागली दोन हजार चारच्या जूनमध्ये.

शिरूर अनंतपाळची शिवांगी बारावीला विभागात पहिली आली. परीक्षेचा फॉर्म भरताना तिच्याजवळ एकच फोटो होता, तोही शाळेचा शिक्का बसलेला. कहकशांनं तो स्कॅन करून, शिक्का पुसून प्रती काढून दिल्या होत्या. फाईल कॉम्प्युटरवर तशीच होती. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी अमृतराव सर दुकानात हजर. त्यांच्या क्लासला आठशे पोरं. सगळ्यांची ओळखपत्रं, नोट्सची कव्हरं कहकशांकडं. दुकान चालायचं ते त्याच कामावर.

"आपा, शिवांगीची फाईल द्या. वीस फुटी फ्लेक्स लावायलोय."

"ती तुमच्या क्लासला कधी होती, सर?"

"प्रवेशाची टेस्ट दिली की आमच्याकडं."

"मग तिला विचारा. ती हाव म्हणाली की देते."

"तिला काय इचारायचं? टॉपर म्हंजी समद्या गावाची लेक!"

"एवढी लेक, तर गावानं दोन वर्षं तिला जेवायला का घातलं न्हाई? चार घरचे डबे पोचवून शिकली ती."

"अहो, पेपरात फोटो आलाय तिचा!"

"पेपरानं तिचं नाव छापलं. तुमच्या क्लासचं न्हाई."

अमृतराव तणतणत गेले. पेपरातलाच फोटो कापून त्यांनी दुसरीकडं स्कॅन करून घेतला. पेपरातला फोटो म्हणजे नुसते ठिपके. स्कॅनर ते इमानदारीनं उचलतो आणि वीस फुटांवर ठिपका न् ठिपका पोह्याएवढा होतो. चौकात फ्लेक्स चढला, तर शिवांगी मच्छरदाणीतून बघत असल्यासारखी. पोरं खाली उभी राहून खिदळायला लागली. "टॉपरला डास लई चावतात काय, सर?"

संध्याकाळी सर परत आले. या खेपेला सोबत शिवांगीचे वडील शेषेराव, खांद्यावर नवी कोरी शाल. मागं शिवांगी, मान खाली घालून.

"द्या की आपा," शेषेराव म्हणाले. "सरांनी एवढा सत्कार केला. न्हाई कसं म्हणावं माणसानं?"

"काका, फोटो तुमचा असता तर आत्ता दिला असता." कहकशां पोरीकडं वळली. "तू बोल. देऊ का?"

शिवांगीनं तोंड उघडायच्या आधीच अमृतराव हसले. "लाजायलीय."

"सर, तिला तोंड हाय. तुम्ही थांबा. बोल गं, मला दुसरी कामं हायत."

"न्हाई," शिवांगी म्हणाली. मग एकदम मान वर करून, "टेस्टला पहिली आले होते मी. फीस न्हाई म्हणून ह्यांनी दुसऱ्या दिवशी दारातून परत पाठवलं." ती वडिलांकडं वळली. "दादा, तुम्हाला सांगितलं न्हाई मी."

शेषेरावांनी शाल काढली. नीट घडी घातली आणि स्कॅनरवर ठेवायला गेले.

"तिथं न्हाई काका, खाली काच हाय! त्यांच्या हातात द्या."

शाल हातात घेऊन अमृतराव लाल झाले. "उद्यापासून आपलं काम बंद, आपा. गल्लीत स्कॅनर छप्पन हायत."

"उद्यापासून कशाला?" कहकशांनं कपाटातून ओळखपत्रांच्या फोटोंचा गठ्ठा काढला, सुतळीनं आवळून बांधला आणि शालीवर ठेवला. "आत्ताच न्या. सांभाळून. लोकांची लेकरं हायत, वाटंत सांडू नका."

अमृतराव गेले, शेषेराव गाडी बघायला स्टँडकडं पुढं झाले. मग कहकशांनं शिवांगीचा फोटो फ्लॉपीवर घेतला, पोरीच्या देखत कॉम्प्युटरमधून पुसून टाकला आणि फ्लॉपी तिच्या हातात दिली.

"माझ्यापायी तुमचं काम गेलं, आपा."

"गेलं. आता रडून दाखवू नको," कहकशां म्हणाली. "निघ. शिरूरची गाडी चुकली तर तुझा बाप मलाच बोलंल."