वल्ह्याचा उंबरठा

ह्यांचा एक पाय होडीत होता, एक धक्क्यावर, आणि मधलं पाणी रुंद होत चाललं होतं. मी होडीत उभी राहून ह्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. मागचा पाय उचला, एवढंच मी सांगत होते आणि तो पाय उठत नव्हता. ह्यांना कंपवात आहे. कंपवाताने माणूस नुसता थरथरतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात आणि माणूस खांबासारखा उभा राहतो. घरात असं झालं तर वाट बघता येते. इथे ती सोय नव्हती. समोरून एक लाँच वेगाने गेली होती आणि तिच्या लाटेने आमची होडी दोर ताणत बाहेर सरकत होती. अशी गेलेली होडी परत येऊन धक्क्यावर आपटते. मध्ये जे सापडेल त्याचं काही शिल्लक राहत नाही. ह्यांचा जन्म जहाजांच्या इंजिनांजवळ गेला, ह्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"अगं, सोड मला," हे म्हणाले. "नाहीतर दोघं जाऊ."

"गप्प बसा," मी म्हटलं.

आम्ही सिंगापुरात होडीतच राहतो. हे निवृत्त झाले तेव्हा फ्लॅट सोडून ह्यांनी एक जुनी लाकडी मोटरबोट घेतली आणि उबीन बेटाच्या समोर एका खासगी धक्क्याला लावली. पहिलं वर्ष मी ह्यांना शिव्या घातल्या. मग मला ते घर आवडायला लागलं. हाताच्या अंतरावर सगळं, झाडायला दहा फरश्या नाहीत, आणि सकाळी दार उघडलं की पाणी. पुढे ह्यांचा आजार आला आणि दरवर्षी वाढत गेला. तसतशी मी होडी बदलत गेले. शिडीला दोन्ही बाजूंनी कठडे केले, न्हाणीत बसायला फळी ठोकली, वरचा बिछाना खाली आणला. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला हातोडी धरता येत नाही असं कोणी सांगितलं?

पण पाय चिकटायला लागले त्याला हातोडीने काही करता येईना. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला राहतो. तो एकदा बघून गेला आणि म्हणाला, "आई, बाबा एकदा पडले की होडी विकायची. मग माझं ऐकायचं." त्याच्या चौदाव्या मजल्यावर आमच्यासाठी खोली आहे. खोली चांगली आहे. पण हे तिथे दोन दिवस राहिले की बोलायचे थांबतात, भिंतीकडे बघत बसतात. होडीतून उतरले की हा माणूस संपणार, हे मला दिसत होतं. आणि होडीत राहिले तर पाण्यात पडून संपणार, हेही दिसत होतं.

म्हणून त्या दिवशी सकाळी मी देवीला कौल लावला. आमच्या कोकणात काही अडलं की देवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. होडीत आमच्या गावदेवीची लहानशी पितळी मूर्ती आहे. मी पाण्याने दोन पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, होडीत राहू का? तेवढ्यात बाहेरून कसलीशी बोट गेली, सगळं हललं आणि दोन्ही पाकळ्या एकदम खाली आल्या. हलत्या होडीत कौल लावणारी माझ्यासारखी शहाणी मीच. मला राग आला. देवीला म्हटलं, बाई, मी विचारून दमले. आता तू सांग, नाहीतर तूच सांभाळ. मग चहा केला आणि ह्यांना धक्क्यावर फिरवायला घेऊन गेले. येताना मी आधी होडीत चढले, आणि हे चढताना अडकले ते असे.

त्या आठवड्यात इंडोनेशियातल्या जंगलांच्या आगीचा धूर शहरावर बसला होता. घराबाहेर पडू नका असं टीव्हीवर सांगत होते. धक्क्यावर एरवी पाच-सहा माणसं असतात, त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. मी ओरडले तेव्हा त्या धुरातून एक मलाय म्हातारा आला. त्याला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आपली छोटी होडी धक्क्याच्या टोकाला बांधून तो वल्हं खांद्यावर टाकून येत होता. तो धावला. त्याला दोन्ही हातांनी आमच्या होडीचा कठडा धरायचा होता, म्हणून त्याने खांद्यावरचं वल्हं खाली टाकलं. ते धक्क्याच्या कडेला, ह्यांच्या मागच्या पायापुढे आडवं पडलं. म्हाताऱ्याने कठडा धरला आणि पाय रोवून होडी ओढून ठेवली. तो लटपटत होता. फार वेळ धरणं त्याला जमणार नव्हतं.

का कोण जाणे, ते आडवं लाकूड बघून माझ्या तोंडून निघालं, "अहो, उंबऱ्यात काय उभे राहता? आत या!"

माझी सासू असं ओरडायची. उंबऱ्यात उभं राहायचं नाही, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. ह्यांनी त्यासाठी लहानपणी पुष्कळ मार खाल्ला होता. ह्यांनी खाली बघितलं. पाय उचलला, वल्ह्याला लागू नये म्हणून चांगला उंच उचलला, आणि होडीत ठेवला. चप्पल तेवढी निसटून पाण्यात गेली. आम्ही दोघं आतल्या बाकावर आदळलो. मागे होडी धक्क्यावर आपटली त्याचा आवाज माझ्या दातांत घुमला.

म्हातारा वाकून बघत होता. "आंटी, ओके? अंकल व्हेरी हेवी!"

"मी रोज उचलते," मी म्हटलं. त्याला मराठी कळलं नाही, पण तो हसला. मी चहा विचारला तर नको म्हणाला, वल्हं उचललं आणि निघून गेला. तो समोरच्या बेटावरचा असेल म्हणून पुढे मी उबीनला जाऊन दोनदा विचारपूस केली. असे म्हातारे तिथे बरेच आहेत, पण तो मला सापडला नाही.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हो, अशा पेशंटला समोर आडवी रेघ दिसली की पाय उठतो." असेल. मग आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं, तर ते कॉम्प्युटरकडे बघायला लागले. मी वाद घालत नाही. रेघ डॉक्टरांची असेल. पण वल्हं तिथेच पडावं आणि माझ्या तोंडी सासू यावी, हे कोणाचं काम ते मला ठाऊक आहे. मी कौल मागितला होता.

दुसऱ्या दिवशी मी लाल रंगाचा डबा आणला. धक्क्याच्या कडेला, शिडीपाशी, न्हाणीच्या दारात, बिछान्याजवळ आडवे जाड पट्टे ओढले. रोज सकाळी प्रत्येक पट्ट्याला हळदकुंकवाचं बोट लावते. हे उभे राहिले की मी म्हणते, "उंबरा." पाय उठतो.

मुलगा रविवारी आला. धक्क्यावरचा प्रकार ऐकून होडी विकायचं बोलायलाच आला होता. बोलत बोलत आत शिरला तो नेमका पट्ट्यावर पाय देऊन. ह्यांचा आवाज तेव्हा पुटपुटण्याइतकाच राहिला होता. पण हे ओरडले, "गाढवा, उंबऱ्यावर पाय? मागे हो!" मुलगा खरोखर मागे गेला आणि ओलांडून आत आला. मग बापाच्या तोंडाकडे बघत त्याच्या शेजारी बसला. होडीचा विषय त्याने परत काढला नाही. जाताना डब्यात उरलेला रंग बघून म्हणाला, "आई, ह्यावर पाय घसरतो ओला झाला की. मी दुसरा आणतो."

आजार थांबलेला नाही. हल्ली कधी कधी पट्ट्यापाशीही पाय अडतो, मग मी परत म्हणते, आणखी एकदा म्हणते. एक दिवस म्हणूनही उठणार नाही. तेव्हाचं तेव्हा. मी आता कौल लावत नाही. माझ्या हाताने होतं तेवढं करते, बाकीचं देवीच्या पायाशी ठेवते आणि ठेवलेलं परत उचलून बघत नाही. ते मला त्या धुरातल्या म्हाताऱ्याने शिकवलं. हातातलं टाकल्याशिवाय त्यालाही कठडा धरता आला नव्हता.

त्या सकाळी पाण्यात गेली ती ह्यांची एक चप्पल. आम्ही दोघं आहोत.