प्लेटलेट सर आणि पारू

प्लेटलेट सर कुणालाही ‘बरं होईल’ असं म्हणत नसत. खात्री नसली, की पाठीवर नुसता हात ठेवायचे. तेव्हाच्या औरंगाबादेत, रुग्णालयाच्या रक्त-प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली नवी डॉक्टर होते. रक्ताची काचेची नळी खिडकीशी धरून ते तिच्यातल्या प्लेटलेटशी बोलायचे, “जाग्या व्हा बरं आता.”

करमाडच्या भानुदासची मुलगी पारू लहानपणीच आमच्याकडे आली. मेंढरं विकून भानुदास चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला होता. दात पडला तरी पारूचं रक्त थांबायचं नाही. प्लेटलेट मोजल्या, तर भरपूर. पण चेतवणारं रसायन घालूनही त्या नळीत एकमेकींना चिकटेनात. सरांनी भानुदासला शेजारी बसवलं.

“जखम झाली की प्लेटलेटवरची प्रथिने तिचा निरोप ऐकतात, आतली प्रथिने पुढे पोचवतात, मग प्लेटलेट चिकट होतात. हिच्यात हे कुठेतरी तुटले आहे. कुठे, ते मला कळत नाही.”

उपाय एकच, दुसऱ्याचं रक्त. त्यावर काही वर्षं निभली. पारू सरांना हक्कानं पेरू आणायला लावायची आणि सर ते निवडून आणायचे.

ती वयात आली तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं होतं, संचारबंदी होती. पहिलीच पाळी थांबेना. भानुदासचे कारखान्यातले सोबती रक्त द्यायचे. सर रुग्णवाहिकेत बसून त्यांना घरोघरी शोधत हिंडले. त्यातल्या एकाचं घर आदल्या दिवशी जाळलं होतं. सर त्याला न घेताच वळले, तर तो स्वतःच गाडीत चढला. म्हणाला, “घर ऱ्हाऊ द्या. पोरीचं बघा.”

पण इतक्या वर्षांत पारूचं शरीर परक्या प्लेटलेट ओळखून मारायला शिकलं होतं. दिलेलं टिकेना. ती गेली. सर त्यानंतर प्रयोगशाळेत कमी बोलू लागले, नळीशीसुद्धा.

पुढं भानुदास धाकट्या मुक्ताला घेऊन आला. नुकती चालायला लागलेली; पडेल तिथं अंग काळंनिळं. तपासणी सरांनी स्वतः केली. नळी खिडकीशी धरून पुन्हा पुन्हा हलवून पाहिली.

“हिचंबी तसंच व्हय, साहेब?” भानुदासनं विचारलं.

सर एरवी पुस्तकातल्यासारखं बोलायचे. त्या दिवशी त्याच्याजवळ येऊन खाली बसले आणि म्हणाले, “व्हय.”