दुकानातली गोळी

"गोळी कुठं ठेवता?" डॉक्टरांनी विचारलं.

लातूरच्या न्यूरोलॉजिस्टच्या, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो होतो. मी, माझे पती शिवकुमार आणि सासूबाई. मला वाटलं, डॉक्टर चुकून दुसऱ्याच कुणाची फाईल बघत आहेत. आमच्या लग्नाला पाच महिने झाले होते आणि यांना मी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेताना पाहिलं नव्हतं.

"दुकानात," हे खाली बघत म्हणाले. "गल्ल्याखालच्या खणात."

"दुकान रोज उघडतं?"

"दुष्काळ हाय साहेब. मोंढ्यात धान्यच येत न्हाई. आठवड्यात तीन-चार दिस उघडतो."

"म्हणजे गोळी चार दिवस आणि आजार सात दिवस." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "यांना एपिलेप्सी आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे ना?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

एपिलेप्सी म्हणजे अपस्मार. आपल्याकडे फिट येणं किंवा मिरगी म्हणतात. मेंदूतली वीज मधेच बिघडते, शुद्ध जाते, हातपाय झटके देतात. हा संसर्गाचा आजार नाही, वेडही नाही. रोज ठरल्या वेळी गोळी घेतली तर बहुतेकांचा आटोक्यात राहतो. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की पाच महिने सगळ्या घराला जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं.

ज्यांच्या घरात असं काही लपलेलं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी फारसं बोलणारी नाही. लिहिणं जमतं.

डॉक्टरांकडे गेलो त्याच्या तीन दिवस आधीची गोष्ट. उदगीरच्या आमच्या घरी अंगणात जमिनीतला हौद आहे. बारा-पंधरा दिवसांनी टँकर यायचा, तेव्हा हौद, ड्रम, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचो. गावात पाणी नव्हतं आणि घरात जिकडेतिकडे साठवलेलं पाणी होतं. दुपारी हे हौदातून बादलीने पाणी काढत होते. मी स्वयंपाकघरात होते. बादली आत पडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर हिसडे मारल्यासारखा पाण्याचा आवाज. मी धावले. यांचे पाय बाहेर होते, डोकं आणि छाती हौदात.

शर्ट धरून मी यांना कसं ओढलं, मला आठवत नाही. शेजारच्या काकू हुंगवायला चप्पल घेऊन आल्या, कुणी कांदा आणला. तोंडाला फेस, डोळे पांढरे. आम्ही लिंगायत; यांच्या गळ्यातलं इष्टलिंग ओल्या दोऱ्यासकट बाजूला लोंबत होतं. मला वाटलं, गेले.

बऱ्याच वेळाने यांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न विचारला, "कुणी बघितलं?"

तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ मला लागला नव्हता. डॉक्टरांसमोर लागला.

ईईजी झाला. यात डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात, दुखत नाही. मग एमआरआय. त्या यंत्राचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येत होता. बाकावर सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"सांगितलं असतं तर कुणी पोरगी दिली असती का?" त्या समोर बघत म्हणाल्या. "तुझ्या बापानं दिली असती?"

दिली नसती, हे दोघींनाही माहीत होतं.

रिपोर्टमध्ये गाठ वगैरे काही निघालं नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "औषध मी देतो. पण गोळी दुकानात का गेली, त्यावर माझ्याकडे औषध नाही. वरच्या मजल्यावर समुपदेशक बाई बसतात. दोघांनी जायचं."

"आमच्या पोराचं डोकं फिरलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच पाठवतोय, आई. फिरलेलं असतं तर बोलून काय उपयोग होता?"

दर गुरुवारी आम्ही उदगीरहून एसटीने लातूरला जाऊ लागलो. गाडीत दोन विषय असायचे, पाणी आणि जिल्हा. उदगीर जिल्हा झाला की मेंदूचा डॉक्टर इथंच येईल, असं एक म्हातारे दर वेळी सांगायचे. आम्ही दोघं एका बाकावर बसून खिडकीबाहेर बघायचो. आमच्यात पाण्याची बाटली असायची.

पहिल्या गुरुवारी बाईंनी एक काम दिलं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, फक्त ऐकलेलं परत सांगायचं. पोरखेळ वाटतो. करून बघा.

हे म्हणाले, "मी रोज ठरवायचो, आज सांगतो. मग वाटायचं, सांगितलं की ही जाईल."

मला परत सांगायचं होतं. "यांना वाटायचं, सांगितलं की मी..." पुढचा शब्द मला म्हणता येईना. बाई थांबल्या. त्यांनी मला पाणीही दिलं नाही, मदतही केली नाही. शेवटी मी म्हणाले, "मी जाईन."

त्यानंतर घरी जास्तच वाईट दिवस आले. हे आधीच सांगते, म्हणजे पहिल्या भेटीनंतर कुणी सोडून देऊ नये. माझी भीती आता उघड झाली होती. हे अंघोळीला गेले की मी दाराबाहेर उभी राहायची. पाण्याचा आवाज थांबला की मी दाराला कान लावायची. एकदा मी म्हणाले, कडी लावू नका. यांनी माझ्याकडे बघितलं आणि मुद्दाम खाडकन कडी लावली. आतून काही आवाज नाही. मी दार ठोकत राहिले. दार उघडलं तेव्हा हे कपडे घालून उभे होते.

"मी काय कैदी हाय?"

"मी तुम्हाला एकदा पाण्यातून काढलंय," मी म्हणाले. आमच्या लग्नातलं माझं ते पहिलं मोठ्या आवाजातलं वाक्य.

बाईंनी हे भांडण नीट ऐकून घेतलं. कोण चुकलं ते सांगितलं नाही. "कडी कशासाठी लागते?" त्यांनी यांना विचारलं. कुणी आत येऊ नये म्हणून, हे म्हणाले. मग ते कडीशिवाय कसं जमेल, ते दोघांनी इथंच ठरवा, बाई म्हणाल्या. वीस मिनिटं लागली. कडी लावायची नाही, दारावर पंचा टाकायचा. पंचा असेपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही. आणि आतून यांनी काहीतरी गुणगुणत राहायचं. यांना गाणं अजिबात येत नाही. मोंढ्यातले भाव एकसुरात म्हणायचे, तूर, हरभरा, सोयाबीन. सासूबाई म्हणायच्या, "अंघोळ करायलाय का लिलाव?"

यांच्या आजाराचं कळलं म्हणून त्याच आठवड्यात माझे बाबा नांदेडहून आले. चहा घेतला नाही. "बाळा, सामान घे. ही फसवणूक आहे."

फसवणूक होतीच. समुपदेशनाने ती पुसली जात नाही. पण गुरुवारी लातूरची वेळ घेतलेली होती. मी म्हणाले, "गुरुवार होऊ द्या, बाबा." ते शनिवारी येतो म्हणून गेले.

त्या गुरुवारी बाईंनी यांना काही विचारलंच नाही. मला विचारलं, "यांनी लपवलेलं बाहेर आलं. तुमचं काही आत आहे का?"

मी नाही म्हणणार होते. मला ती सवय आहे. पण तोंडातून निघालं, "माझी बॅग भरलेली आहे. पलंगाखाली. सर्टिफिकेटं, चार ड्रेस. हौदाच्या दिवसापासून."

हे म्हणाले, "मला म्हाईत हाय. रोज ही झाडती तवा दिसती. ती बॅग बघितली की झोप लागत न्हाई. आन् डॉक्टर म्हणले, झोप न्हाई झाली की फिट येती."

मी भिऊन बॅग भरली होती आणि माझ्या बॅगेला भिऊन हे आजारी पडणार होते.

"मी राहू का जाऊ?" मी बाईंना विचारलं.

"ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही भीतीतून ठरवू नये, एवढंच माझं काम. तीन महिन्यांचं बोला. जन्माचं नंतर."

कागदावर आम्ही दोघांनी लिहिलं. गोळी घरात, दोघांना दिसेल अशी. हौदाजवळ एकट्याने जायचं नाही. मोटारसायकल बंद, स्कुटी मी चालवणार. आजाराचं काही लपवायचं नाही. मी दारामागे उभी राहणार नाही, भीती वाटली तर तोंडाने सांगेन. शेवटचं यांनी घातलं, "जायचं ठरलं तर सांगून जाईल." खाली मी सही केली.

गोळीची जागाही यांनीच काढली. सकाळची लिंगपूजा यांची कधी चुकत नाही, पाहुणे असोत की दुकान बंद असो. पूजेच्या ताटाशेजारी गोळ्यांची डबी ठेवली. पूजा झाली की गोळी.

शनिवारी बाबांना मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "तीन महिन्यांनी मी येणार," म्हणाले. चहा अर्धा घेतला.

मोंढ्यात लोक हसले. "काय शेठ, ड्रायव्हर ठेवला का?" माझ्या मागे बसलेले हे म्हणाले, "हाव. इंग्रजी शिकलेला."

अशा घरातल्या बायकांना मला थोडंच सांगायचं आहे. समुपदेशनाला एकटीने नका जाऊ, दोघं जा. तिथे संसार वाचेलच असं नाही, पण खरं बोलायला एक खोली मिळते, आमच्या घरात ती नव्हती. आणि फिट आली तर चप्पल, कांदा, चमचा काही नको. कुशीवर वळवा, आसपासचं लागेल असं दूर करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. बाकी ते डॉक्टर आणि त्या बाई, दोघांची मी ऋणी आहे. त्यांनी माझी भीती खोटी आहे असं कधी म्हटलं नाही.

ती गेलेली नाही. बॅग अजून पलंगाखाली आहे, ड्रेस तेवढे कपाटात आले.

तिसऱ्या महिन्यात यांना ताप आला आणि सकाळी अंगणात फिट आली. शेजारच्या काकू पुन्हा चप्पल घेऊन धावत आल्या. मी काही म्हणायच्या आत सासूबाई मधे उभ्या राहिल्या. "चप्पल नको. कुशीवर करू द्या तिला."

मी कुशीवर वळवलं. डोक्याखाली ओढणी घातली. घड्याळ बघितलं.

यांनी डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं, काकूंना बघितलं, पण कुणी बघितलं ते विचारलं नाही.

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

"भ्यालीस?"

"हो," मी म्हणाले.