तवनाप्पांनी सोडलेल्या रेघा

तवनाप्पा गवंडी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. उन्हातून आलेला माणूस, म्हणून मी माठातलं गार पाणी दिलं. ते तांब्या घेऊन अंगणाच्या मधोमध गेले आणि सगळं पाणी हळूहळू जमिनीवर ओतलं. मग उकिडवे बसून ते कुठं जातंय ते बघत राहिले. पाणी वीतभर पुढं सरकलं आणि एका भेगेत गडप झालं. तवनाप्पांनी त्या भेगेत हात घातला, तो पार कोपरापर्यंत आत गेला. हात बाहेर काढून त्यांनी मातीचा वास घेतला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, मला आता घोर लागला."

मी मनात म्हटलं, झालं! घोर करायला या घरात मी एकटी पुरेशी होते. अंगणात काँक्रीट घालायला माणूस बोलावला होता, काळजीला सोबत नको होती.

आमचं घर निपाणीच्या कडेला, एकेकाळच्या तंबाखूच्या रानात आहे. काळी माती. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. घराचा पाया खोल होता म्हणून घर टिकलं, पण अंगणाचं काही खरं नव्हतं. मी हौसेनं शहाबादी फरशी घातली होती. दोन पावसाळ्यांत एक फरशी वर, एक खाली, असं तिचं झालं. अशाच एका वर आलेल्या फरशीला ठेचकाळून आई पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. बेळगावात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "चालू द्या त्यांना, पण पुन्हा पडू देऊ नका." म्हणजे नेमकं काय करायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आईनं चाळीस वर्षं विड्या वळून मला शिकवलं, शाळेत मास्तरीण केलं. तिच्या बरोबरीच्या बायका अजूनही विड्यांच्या टोपल्या घेऊन आमच्या गेटावरून जातात. सकाळी गेटाशी उभं राहून त्यांच्याशी बोलणं हाच तिचा दिवस होता. कुणाची सून आली, कुणाचा गुडघा धरला, सगळ्या गावाची खबर तिला तिथं मिळायची. पडल्यापासून ती उंबऱ्याच्या बाहेर गेली नव्हती. उंबऱ्यापासून गेट जेमतेम तीस फूट. वॉकर धरून ती दारापर्यंत यायची, बाहेर बघायची आणि मागं फिरायची. बायका गेटावरून हाका मारायच्या, ती आतूनच हात हलवायची. मला ते बघवत नसे. तिनं परत गेटापर्यंत जावं, एवढंच मला हवं होतं.

तवनाप्पा साठीच्या पुढचे. अंगानं काटकुळे, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार, डोक्याला टॉवेल. चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातले, आता राहायला निपाणीतच. वाटण्या होता होता रान चार सऱ्यांवर आलं, म्हणून तरुणपणी तिकडच्याच बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, बांधकामावर गवंडीकाम शिकले. बोलायचे मराठी, पण माप मोजायचे कानडीत. टेप धरून "ओंदु, एरडु, मूरु" चालू असायचं. मी विचारलं तर म्हणाले, "आकडा बापाच्या भाषेत चुकत न्हाय बाई."

आणि घोर! वाळू आली की मूठभर पाण्यात घोळून गाळ किती बसतो ते बघायचे. शेजारच्या लिंबाचं मूळ कुठवर आलंय याचा घोर. आभाळाचा तर रोजचाच. एकदा मी वैतागून म्हटलं, "आप्पा, तुम्ही इतकी काळजी करता, मग काम कधी करता?" ते थापी पुसत म्हणाले, "घोर हाय म्हणून तर काम हाय. ज्याला घोर न्हाय त्यो गवंडी दुसऱ्याच्या घराला नको." ते मला पटलं. वर्गात पोरं मोजताना मी तीनदा मोजते.

त्यांनी पौषात दोन हात खोल काळी माती उपसून काढली आणि तिथं मुरूम भरायला घेतला. एक थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस घालून चोपायचा, मग दुसरा. मला वाटायचं, किती दिवस नुसती माती बडवणार हे? शेजारी विचारायचे, "बाई, विहीर काढताय काय?" एक दिवस तवनाप्पा आईच्या खाटेजवळ येऊन बसले. "आक्का, उंबरा उतरताना उजवा पाय आधी टाकता का डावा?" आई बावचळली. आजवर तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं उठून करून दाखवलं. डावा. तवनाप्पांनी बाहेर जाऊन डाव्या बाजूची पायरी चार बोटं जास्त रुंद धरली.

काँक्रीट घालायला त्यांनी माघ निवडला. "आत्ता माती ना उपाशी, ना जेवलेली. अशा येळंलाच तिच्यावर वजन ठेवावं." त्या दिवशी पहाटे सळ्यांची जाळी पुन्हा एकदा तपासून कामाला सुरुवात झाली. माल कालवणारं जोडपं होतं, त्यांना सारखं पाणी जास्त घालायचं होतं, म्हणजे माल आपोआप पसरतो. तवनाप्पा बादली धरून उभे. "पाणी जास्त झालं की माल पातळ. माल पातळ झाला की त्याचा जीवबी पातळ. घाम गाळा, पाणी ओतू नका." दुपारी मिक्सर बंद पडला. ते स्वतः फावडं घेऊन उतरले. शेवटचा चौकोन घोटून झाला तेव्हा सूर्य बुडत होता. दिवस मावळल्यावर ते काही खात नसत, आणि दुपारचा डबा तसाच लिंबाला टांगलेला होता. मला फार अपराधी वाटलं. मी म्हटलं, "आप्पा, माझ्यामुळं तुम्ही उपाशी राहिला." ते म्हणाले, "उपास घडला म्हणायचा. काँक्रीटला अर्ध्यात सोडून जेवलो असतो तर घास उतरला नसता."

दुसऱ्या दिवसापासून चिखलाची आळी करून अंगणात पाणी कोंडलं. तीन आठवडे आमच्या दारात तळं होतं. चिमण्या यायच्या, आई दारातून बघायची. पाणी सोडल्यावर अंगण निघालं ते राखाडी, सपाट, गटारीकडं कळेल न कळेल असा उतार असलेलं. आणि त्यात रेघा. तवनाप्पांनी काँक्रीट घालताना मध्ये लाकडी पट्ट्या ठेवल्या होत्या, त्या काढून घेतल्यावर बोटभर रुंद फटी राहिल्या. सगळं अंगण मोठमोठ्या चौकोनांत विभागलं गेलं होतं.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

"बाई, एवढं मोठं काँक्रीट, ते उन्हात ताणतंय, थंडीत आकसतंय, खालनं माती ढकलती. भेग पडणारच. ती आपण आधीच सरळ पाडून ठेवायची. म्हंजे वाकडी पडत न्हाय." डांबर आणि वाळू नंतर घालू, चौकोन नीट आकसू देत, असं म्हणून ते मुलीच्या गावी खानापूरकडं गेले. जाताना दोनदा बजावलं, "मी येऊस्तोवर त्यात काय घालू नका."

त्यांच्यामागं आठच दिवसांनी आई वॉकर घेऊन बाहेर आली. मी शेजारी. तिसऱ्याच चौकोनाला वॉकरचा पुढचा पाय फटीत अडकला आणि आई पुढं झुकली. मी धरलं म्हणून वाचली. ती आत जाऊन खाटेवर बसली ती उठेना. मी घाबरले. आणि घाबरलेल्या माणसाला शहाणपण सुचत नाही. कोपऱ्यात उरलेलं सिमेंट होतं. ते कालवून मी त्याच दुपारी सगळ्या फटी बुजवून टाकल्या, वरून हातानं गुळगुळीत केल्या. अंगण कसं अखंड दिसायला लागलं. मला माझंच कौतुक वाटलं.

चैत्रात तवनाप्पा आले. दम लागत होता, चेहरा उतरला होता. गेटातच थबकले. मला वाटलं, आता ओरडतील. ते खाली बसले आणि बुजवलेल्या फटीवरून बोट फिरवत राहिले. मी घाईघाईनं आईचा वॉकर अडकल्याचं सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा आणखी पडला. "म्हंजे चूक माझी. आक्का त्यावरनं चालणार हे म्हाईत हुतं मला. डांबर घालूनच जायला पायजे हुतं." मग पिशवीतून करवतीचं पान काढलं, गुडघ्यांवर बसले आणि मी भरलेलं सिमेंट खरवडायला लागले. मी नको नको म्हणत होते. तीन दिवस ते चाललं होतं. मधेच थांबायचे, भिंतीला टेकून श्वास घ्यायचे, पुन्हा रेघ धरायचे. मोकळ्या झालेल्या फटीत डांबर-वाळू इतकी बेताची भरायचे की वॉकर वरून सरळ निघून जावा.

शेवटची एक रेघ खरवडायची राहिली, गेटाजवळच्या चौकोनाची. त्या दिवशी त्यांना उठताच येईना. त्यांची मुलगी येऊन त्यांना बेळगावच्या दवाखान्यात घेऊन गेली. रिक्षात बसताना त्यांनी करवतीचं पान माझ्या हातात दिलं. "तेवढी एक काढा बाई. अवघड न्हाय. पर पाऊस यायच्या आत काढा."

मी काढणारच होते. आधी पेपर तपासणं होतं. मग भावाकडचं लग्न. मग शाळा सुरू झाली. करवतीचं पान खिडकीत होतं, येता-जाता दिसायचं. तासाभराचं काम, उद्या करू. एकदा दवाखान्यातून त्यांचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला. आधी आईची चौकशी केली, मग विचारलं, "रेघ काढलीसा?"

मी म्हटलं, "काढली आप्पा."

"बरं झालं. मला तेवढाच घोर हुता."

फोन ठेवून मी तशीच उठले, पान घेऊन बाहेर गेले. पण बाहेर पाऊस लागला होता. थांबेल म्हणून वाट बघत बसले. तो आठ दिवस थांबला नाही.

पाऊस उघडला तेव्हा गेटाजवळच्या चौकोनात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकी भेग पडलेली होती. एक कड काडेपेटीच्या काडीएवढी वर आलेली. बाकी सगळं अंगण जसंच्या तसं. तवनाप्पांनी मोकळ्या केलेल्या प्रत्येक रेघेनं आपलं काम केलं होतं आणि मी न काढलेल्या एकीनं माझं.

आई आता रोज अंगणात चालायची. पण त्या चौकोनापाशी आली की थांबायची. "फुडं न्हाय गं जात मी. ती कड लागंल पायाला." गेट चार पावलांवर. बायका पलीकडून म्हणायच्या, "या की आक्का!" ही मान हलवायची. ती मागं वळली की दर वेळी मला माझं खोटं आठवायचं. तवनाप्पा घरी आल्याचं कळलं होतं, पण मी भेटायला गेले नाही. काय तोंडानं जाणार?

श्रावणात एक दिवस तेच आले. गेटाबाहेर रिक्षा थांबली. त्यांना उतरता येत नव्हतं, आतूनच मान पुढं काढून अंगण बघत होते. भेग अगदी त्यांच्या नजरेखाली. मी गेटाच्या गजाला धरून उभी राहिले. म्हटलं, "आप्पा, मी खोटं बोलले होते. रेघ काढलीच नव्हती."

त्यांनी भेगेवरून नजर उचलून घराच्या दारापर्यंत नेली. मग विचारलं, "आक्का इथवर येत्यात?"

"नाही. त्या भेगेपाशी थांबते. घाबरते."

"माझ्याबी हातनं लई रेघा ऱ्हायल्यात बाई, उद्या करू म्हणून. तुमी मनाला लावून घेऊ नका." त्यांना धाप लागली. "आक्कांना माझा निरोप सांगा. भेग पडली म्हणून काम मोडत न्हाय. खालचा मुरूम घट्ट हाय, माझ्या हातचा हाय. पाय उचलायचा आणि पलीकडं टाकायचा."

मी आईला शब्दन् शब्द सांगितला. तिनं ऐकून घेतलं, पण गेली नाही.

कार्तिकात सकाळी शेजारचा सांगत आला, तवनाप्पा गेले. घरच्यांनी त्यांना आमच्याच रस्त्यानं नेलं. लोकांचा आवाज लांबून ऐकू यायला लागला. मी साडीला हात पुसत बाहेर आले तर आई आधीच अंगणात उतरली होती. वॉकर टाकत निघाली होती, डावा पाय आधी. मी मागं धावले, दोन्ही हात तिच्या कमरेशी धरून. भेगेपाशी ती थांबली. पलीकडून तिरडी येताना दिसत होती.

"सुमे," ती मागं न बघता म्हणाली, "हात काढ."

मी काढले. तिनं वॉकर उचलून भेगेच्या पलीकडं ठेवला, दाबून बघितला. मग डावा पाय उचलला. मग उजवा. आणि चार पावलं चालून गेटाशी जाऊन उभी राहिली, तिच्या नेहमीच्या जागी. तिरडी समोरून गेली तेव्हा तिनं वॉकर सोडून दोन्ही हात जोडले.